द्रुतगती रेल्वेवर जगात काय अभ्यासलं गेलं, काय राहून गेलं : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवता शिकवता गेली काही वर्षं मी द्रुतगती रेल्वेवरच्या शोधनिबंधांची मांडणी करते आहे. कोण लिहितं, कशावर लिहितं आणि कशाकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही, हे त्यातून बघायचं असतं. हे काम सांगितलं की विद्यार्थी, त्यांचे पालक, गणपतीला गावी आलेले चाकरमानी आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी साधारण हेच प्रश्न विचारतात.

द्रुतगती रेल्वे नेमकं कशाला म्हणायचं? आपली वंदे भारत त्यात येते का?

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटना, म्हणजे यूआयसी, ढोबळमानाने असं धरते : नवा मार्ग बांधला असेल तर ताशी 250 किमी किंवा त्याहून जास्त, जुना मार्ग सुधारला असेल तर ताशी 200 किमीच्या आसपास. वंदे भारत यात बसत नाही. 27 जून 2023 ला सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत साधारण 586 किमी अंतर पावणेआठ तासांत कापते आणि पावसाळी वेळापत्रकात दहा तासांच्या आसपास घेते. तोक्यो–ओसाका हे 515 किमीचं अंतर जपानच्या शिंकान्सेनने 1964 साली, म्हणजे पहिल्याच वर्षी, चार तासांत कापलं होतं. आज तिथली सर्वांत जलद गाडी अडीच तासांच्या आत पोचते.

यात आपल्या गाडीचा दोष नाही. वीरच्या पुढे मार्ग अजून बहुतांश एकेरी आहे, क्रॉसिंगला कुणाला तरी थांबावंच लागतं. त्यात घाट, बोगदे, पाऊस. गाडी कितीही चांगली असली तरी वेग मार्गच ठरवतो.

मग कोकणात बुलेट ट्रेन येणार की नाही?

उत्तर कोकणात येतेच आहे, हे बरेच जण विसरतात. ठाणे आणि पालघर कोकणातच आहेत. मुंबई–अहमदाबाद मार्ग 508 किमीचा आहे, त्याची पायाभरणी 14 सप्टेंबर 2017 ला झाली. त्यातल्या 12 स्थानकांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत. मुंबई ते शिळफाटा 21 किमीचा बोगदा, त्यातले 7 किमी ठाण्याच्या खाडीखालून. या मार्गासाठी सुमारे 20 हजार कांदळवनाची झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये परवानगी दिली. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून किनाऱ्याने जाणारा असा मंजूर मार्ग नाही.

संशोधनाचा ‘नकाशा’ म्हणजे काय? निबंध वाचायचे सोडून मोजायचे कशाला?

वाचायचे असतातच. पण द्रुतगती रेल्वेवर दर वर्षी इतकं छापलं जातं की एका माणसाला ते सगळं वाचून होणार नाही. मग स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या सूचीतून निबंधांची नावं, सारांश, बीजशब्द आणि संदर्भयाद्या उतरवून घ्यायच्या आणि संगणकाला विचारायचं : कुठले शब्द एकत्र येतात? कुठले दोन निबंध वारंवार एकत्र उद्धृत होतात? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेली व्हॉसव्ह्यूअर ही मोफत प्रणाली त्याचं चित्र काढते. प्रत्येक शब्दाचा एक ठिपका. जास्त वापरलेला शब्द मोठा, जवळचे शब्द शेजारी, एका गटाला एक रंग.

ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. ग्रंथालयाच्या कामाला मोजमाप लावण्याच्या शास्त्राला ‘लायब्रेमेट्री’ हे नाव भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1948 साली दिलं. निबंध आणि ग्रंथ मोजण्याच्या या शास्त्रासाठी आज रूढ असलेला ‘बिब्लिओमेट्रिक्स’ हा शब्द 1969 मध्ये आला. आणि कुठला निबंध कुणी उद्धृत केला ते दाखवणारी यूजीन गारफील्ड यांची विज्ञान उद्धरण सूची 1964 ची आहे, म्हणजे पहिली शिंकान्सेन धावली त्याच वर्षाची. मला हा योगायोग फार आवडतो.

त्या नकाशावर काय दिसतं?

दोन मोठे भूभाग आणि मधे अरुंद पूल.

पहिला भूभाग अभियंत्यांचा. रूळ आणि चाक यांतला संबंध, पुलाची थरथर, गिट्टीशिवायचा काँक्रीटचा रूळमार्ग, भराव किती खचतो, ओव्हरहेड वायर आणि तिच्यातून वीज घेणारा गाडीच्या टपावरचा पँटोग्राफ यांचा स्पर्श, वाऱ्याचा रेटा. दुसरा भूभाग भूगोल आणि अर्थशास्त्राचा. कुठलं शहर किती तासांत गाठता येतं, जमिनीचे भाव, विमानाशी स्पर्धा, प्रादेशिक विकास, कार्बन. पहिल्या भागातले लोक दुसऱ्या भागातल्यांना क्वचितच उद्धृत करतात. भराव किती मिलिमीटर खचला हे मोजणारा माणूस आणि त्या भरावापलीकडच्या गावातून शाळेत कसं जायचं हे विचारणारा माणूस एकमेकांचं वाचत नाहीत, हे चित्रात डोळ्यांना दिसतं.

काळाप्रमाणे रंग लावले तर गाड्यांचा इतिहासच उलगडतो. सुरुवातीला जपान, मग 1981 च्या पॅरिस–ल्यों मार्गानंतर फ्रान्स, 1991 नंतर जर्मनी, 1992 च्या माद्रिद–सेव्हियानंतर स्पेन. स्पॅनिश अभ्यासकांनी खर्च आणि लाभ यांवर जेवढं परखड लिहिलं आहे तेवढं फार कमी देशांत लिहिलं गेलं. आणि 1 ऑगस्ट 2008 ला बीजिंग–त्यांजिन मार्ग सुरू झाल्यावर निबंधांच्या संख्येचा सगळा आलेखच उभा चढतो.

चीनचं एवढं वर्चस्व का?

चीनकडे 2023 अखेर 45 हजार किमी द्रुतगती मार्ग होते. जगात बाकी सगळ्यांचे मिळूनही एवढे नाहीत. मार्ग बांधताना प्रश्न उभे राहतात, प्रश्नांसाठी निधी येतो, निधीतून निबंध निघतात. हार्बिनची गोठणारी जमीन, शिंच्यांगचा वारा, वाऱ्याने साठलेली लोएस माती, चुनखडीतल्या गुहा : तिथे मार्ग गेला आणि त्यावर निबंधांची रांग लागली. 23 जुलै 2011 ला वेन्चौजवळ दोन गाड्या धडकून 40 माणसं गेली, त्यानंतर सिग्नल आणि सुरक्षेवरचं लिखाणही वाढलं.

म्हणजे संशोधन रुळांच्या मागोमाग चालतं. जिथे रूळ नाहीत तिथले प्रश्न कुणी आधी विचारत नाही. कोकणासाठी ही चिंतेची गोष्ट आहे असं मी मानते, कारण आपल्याकडे रूळ पडल्यावर शिकण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे.

पाऊस आणि दरडी यांवर काय संशोधन आहे?

एकदा वर्गात पडद्यावर हा नकाशा लावला होता. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता, पत्र्यावरच्या आवाजात माझं बोलणं मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हतं. खेडच्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, यात पाऊस कुठे आहे?”

आम्ही शोधला. कडेला एक बारीक ठिपका होता, जपानशी जोडलेला. जपानी रेल्वेने तासाचा पाऊस आणि साठत गेलेला पाऊस मोजून गाडी हळू करायची की थांबवायची याचे नियम बांधले, त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास आहे. पण ‘मान्सून’ हा शब्द चित्रात नव्हताच. मग कारण तपासलं. प्रणाली सुरुवातीलाच विचारते की शब्द किमान किती वेळा आला तर दाखवू? नेहमीची मर्यादा पाचची असते, पसारा कमी करायला आम्ही ती वाढवलेली होती. ती खाली आणत गेलो तसे कडेकडेला नवे ठिपके उमटू लागले. जे थोड्यांनी अभ्यासलं ते मोजणीतच गळतं आणि मग पुढचा माणूस समजतो की तिथे काही नाही.

कोकणातली दरड ही वेगळी गोष्ट आहे. वर जांभ्याचा कडक थर, खाली पाणी पिऊन लोण्यासारखी होणारी मऊ चिकणमाती. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिला शेडी माती म्हणतात आणि सुरतकलच्या एनआयटीत तिच्यावर चांगलं काम झालेलं आहे. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या वाटेच्या, माथ्यावरून पाणी जांभ्याच्या भेगांतून आत उतरतं, खालची माती फुगते आणि वरचा दगड आधार सुटून येतो. पेडण्याचा बोगदा याच मातीने वर्षानुवर्षं अडवून धरला होता. जुलै 2024 मध्ये त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल आला आणि गाड्या बंद पडल्या. त्याच महिन्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली.

जाता जाता : जांभ्याला ‘लॅटराइट’ हे शास्त्रीय नाव 1807 मध्ये ब्यूकानन यांनी दिलं, ते केरळातल्या अंगडिपुरमला हा दगड बघून. दगडाचं नामकरण आपल्याच किनारपट्टीवर झालं. पण त्यातून ताशी 250 च्या वेगाने गाडी न्यायची तर कटिंगचा उतार किती ठेवायचा आणि निचरा कसा करायचा, यावर मला फारच थोडं सापडलं. दक्षिण चीनमधल्या तांबड्या मातीवरचे निबंध जवळचे आहेत, पण तिथला पाऊस आपल्यासारखा पडत नाही.

कोकण रेल्वेच्या अनुभवावर निबंध नाहीत का?

आहेत. बांधकामावर, बोगद्यांवर, पुलांवर अभियंत्यांनी लिहिलं आहे. सुमारे 740 किमी, नव्वदहून जास्त बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, 64 मीटर उंचीचा पानवलचा पूल, साडेसहा किमीचा करबुडे बोगदा : 1990 ला महामंडळ स्थापन होऊन 26 जानेवारी 1998 ला सबंध मार्ग खुला झाला, त्याची दखल घेतली गेली. पण बांधणं आणि चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि चालवण्यावर कमी लिहिलं गेलं.

22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून जास्त माणसं गेली. 16 जून 2004 ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या धोंड्यांवर आदळली. त्यानंतर उतार कापले, जाळ्या लावल्या, स्थानकांवर पर्जन्यमापक आणि मोठ्या पुलांवर वारामापक बसवले, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी केला, गस्त वाढवली. दृष्टिमान कमी झालं की चालकाने ताशी 40 ने जायचं, असा नियम आहे. हे सगळं मिळून एक पद्धत झाली. ती एका मोठ्या दुःखातून आली आणि दर पावसाळ्यात तपासली जाते. उक्षीला क्रॉसिंगसाठी गाडी उभी असताना खिडकीतून बघा : रेनकोटातला ट्रॅकमन एका हातात टॉर्च घेऊन कटिंगच्या कडेने चालतो, मधेच थांबतो आणि नाल्यातलं पाणी बघतो. स्वच्छ वाहतंय की एकाएकी लाल झालं, यावरून त्याला वर माती सुटलीय का ते कळतं. ही खूण मी कुठल्याही निबंधात वाचलेली नाही. ती मला एका निवृत्त कर्मचाऱ्यांनी सांगितली.

‘बोगदा परिणाम’ हा शब्द आम्ही ऐकला. त्याचा बोगद्यांशी संबंध आहे का?

थेट नाही. टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची द्रुतगती गाडी, आल्यावर फ्रेंच अभ्यासकांच्या लक्षात आलं की दोन मोठी शहरं जवळ येतात आणि मधली गावं जणू बोगद्यात जातात : गाडी त्यांच्या अंगावरून जाते, थांबत मात्र नाही. त्याला त्यांनी हे नाव दिलं.

कोकणातल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. जमिनी इथल्या गेल्या, डोंगर इथले फुटले आणि लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या आपल्या स्टेशनावरून धाडधाड निघून जातात. थांब्यासाठी निवेदनं देण्यात इथल्या एका पिढीचे केस पिकले. राजापूर रोड स्टेशनवर उतरणाऱ्याला विचारा, पुढे शहर गाठायला रिक्षाला किती मोजावे लागतात. फ्रान्समध्ये 1994 साली ओत-पिकार्दी नावाचं टीजीव्ही स्थानक मोठ्या शहरांपासून दूर बिटाच्या शेतात बांधलं गेलं आणि लोकांनी त्याचं नाव ‘बिटांचं स्टेशन’ पाडलं. दुःख एकच आहे.

उलट उदाहरणही आहे. स्पेनमधलं सिउदाद रेआल हे छोटं शहर 1992 च्या मार्गावर आलं, माद्रिद तासाभराच्या आत आलं आणि तिथून रोज कामाला जाणारे लोक तयार झाले. गाडी तिथे थांबते, स्टेशन शहराला लागून आहे, तिकीट रोजच्या प्रवाशाला परवडेल असं ठेवलं. या तिन्ही गोष्टी जुळल्या.

थांबा फुकट मिळत नाही, हे मान्यच करायला हवं. युरोपीय लेखापरीक्षकांच्या 2018 च्या अहवालानुसार मधल्या एका थांब्याने प्रवास साधारण 4 ते 12 मिनिटांनी लांबतो. त्याच अहवालात आहे की तपासलेल्या मार्गांवर गाड्या सरासरी मार्गाच्या आखीव वेगाच्या 45 टक्क्यांनीच धावत होत्या. मग प्रश्न पडतो की एवढ्या वेगासाठी खर्च का केला? माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या दारातून मार्ग जातो त्यांचा थांबा गणितात पहिल्या दिवशी धरला पाहिजे, आंदोलन झाल्यावर नव्हे.

पण मधल्या गावांवरचे अभ्यास बहुतेक 50 हजार, लाख किंवा त्याहून मोठ्या वस्तीच्या शहरांचे आहेत. तीन-चार वाड्यांचं गाव, जिथे तरुण मुंबईला आणि म्हातारी माणसं घरी, तिथे वेगवान गाडी काय करेल? माणसं परत येतील की उरलेलीही जातील? हा ठिपका मर्यादा कितीही खाली आणली तरी मला दिसला नाही.

आपल्याकडे एवढे बोगदे आहेत. त्यांतून इतका वेग चालेल?

सध्याच्या बोगद्यांतून नाही. वेगात गाडी अरुंद बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते, दाबाची लाट दुसऱ्या तोंडाशी स्फोटासारखी बाहेर पडते आणि प्रवाशांच्या कानांना दडे बसतात. जपानमध्ये सत्तरच्या दशकात सान्यो मार्गावर हा त्रास समोर आला. उपाय म्हणून बोगद्याच्या तोंडाला सच्छिद्र छत्र्या बांधतात आणि गाडीचं नाक लांब करतात. शिंकान्सेनच्या 500 मालिकेच्या गाडीचं नाक आखताना अभियंते एइजी नाकात्सु यांनी खंड्या पक्ष्याची चोच डोळ्यापुढे ठेवली होती. आपल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बसतो तोच हा पक्षी.

प्रवाशांचे अंदाज कितपत खरे ठरतात?

सावधपणे वाचावेत. डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूबियेर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 14 देशांतले 210 वाहतूक प्रकल्प तपासले. त्यांतल्या दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्या फुगवून धरलेली होती, सरासरी फुगवटा 106 टक्के. हे फक्त द्रुतगती मार्ग नव्हते, पण तैवानचा 2007 चा मार्गही अंदाजाच्या बराच मागे राहिला आणि 2015 मध्ये कंपनीची आर्थिक फेररचना करावी लागली. प्रकल्पाआधीचे अंदाज पुष्कळ सापडतात. वीस वर्षांनी परत जाऊन मोजणारे निबंध मात्र थोडे आहेत.

नकाशावर रिकामी जागा दिसली की तिथे संशोधन करायलाच हवं का?

नाही. काही जागा रिकाम्या असतात कारण तिथे प्रश्नच नसतो. काही रिकाम्या दिसतात कारण लिखाण दुसऱ्या भाषेत आहे : जपानी आणि चिनी भाषांतलं पुष्कळ काम इंग्रजी सूचींत येत नाही, मराठीतलं तर सोडूनच द्या. काही ज्ञान कंपन्यांच्या आणि रेल्वेच्या कपाटांत आहे. हे तिन्ही वगळून जे उरतं तिथे जावं.

मी शेवटच्या वर्षाला आहे. विषय कुठला घेऊ?

गावाजवळचा घे. एका कटिंगचा पाऊस आणि माती दोन पावसाळे मोज. किंवा एका स्टेशनवर उतरणारे घरी कसे पोचतात, किती वेळ आणि किती पैसे लागतात, ते विचार. गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचा साधा आठवडा, दोन्ही घे. महागड्या सूचीची वर्गणी नसेल तर ओपनॲलेक्स ही 2022 पासूनची मोफत सूची पुरेशी आहे. ‘कोकणावर कुणी लिहिलेलं नाही’ असं प्रस्तावनेत लिहिण्याआधी शब्दांची किमान मर्यादा एकवर आणून बघ.

माझे बाबा कोकण रेल्वेत गस्तीला होते. त्यांच्या जुन्या वह्या घरी आहेत. त्यांचा काही उपयोग होईल का?

होईल, खूप होईल. वह्या फेकू नका, ओलीपासून जपा. कार्यालयाची नोंदवही असेल तर ती कार्यालयाची आहे, तिच्यासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागेल. स्वतःची डायरी असेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर दगडाचा आकडा नीट दिसेल असा. मग बाबांच्या शेजारी बसा आणि एकेक नोंद वाचून दाखवा. ‘112 ला माती’ एवढंच लिहिलं असेल तर विचारा : कुठल्या बाजूने आली, पाऊस कधीपासून लागला होता, आधी काय दिसलं, कुणाला कळवलं. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. ते ‘व्हाळ फिरला’ म्हणाले तर तसंच लिहा, त्याचं शास्त्रीय नाव नंतर शोधता येईल. तारखा जुळवायला त्या दिवसाचा पावसाचा आकडा हवामान खात्याकडून मागवता येतो. एवढं झालं की मला दाखवा, किंवा जवळच्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात. पावसाळ्याच्या आत सुरुवात केलीत तर बाबांना त्याच जागेवर घेऊनही जाता येईल.